चौकटीत

आठवडाभर मी दारं बसवतो,
शनिवारी शिट्टी गळ्यात अडकवून पंच होतो.
टेव्हियटकाठच्या या गावात सुतार दोन आहेत,
पंच मी एकटाच.
दोन्ही धंद्यांत भानगड एकच, उंचीची.

नियम मधल्या काळात खाली सरकला.
गळा नको, खांदा नको,
छातीचं हाड संपतं त्याच्याखाली धरा.
पोरांच्या जर्सीवर खडूने रेघ मारून दाखवतो मी,
फळीवर मारतो तशी.
रेघेच्या वर गेलास, कार्ड.
खाली?
खाली तळ लिहिलेलाच नाही.
मांडी चालते, पोटरी चालते, घोटासुद्धा,
फक्त हात हवेत, कवळा घालणारे.
नुसता खांदा हाणायचा नाही, पाय आडवा घालायचा नाही.
झाली चौकट.

स्ट्रुअन मर्डी, चौदा पूर्ण,
वजन एका ओल्या मेंढीचं.
समोरून वरच्या खोऱ्यातला आठ नंबरचा,
माझ्या कुठल्याच दारातून सरळ शिरला नसता असा.
फेब्रुवारी. मैदान वरून चिखल, आतून दगड.
पोरगं वाकलं,
आणि वाकलं म्हणजे असं,
की तीस वर्षांत इतकं नेमकं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं.
पाठ रंधा मारल्यासारखी सपाट,
दोन्ही हातांची पोटऱ्यांना मिठी,
आणि तो आडदांड उभाच्या उभा आडवा.
टाळ्या पडल्या. त्यांच्या बाजूच्याही.
आठ नंबरचा उठला, चिखल थुंकला, हसला.
मिठी उठली नाही.

डोकं पुढे राहिलं होतं.
वीतभर.
मांडीच्या मागे हवं होतं ते;
पुढे राहिलं की वाटेत गुडघा येतो,
आणि गुडघ्याचा काय दोष, तो धावत होता.

शिट्टी मी वाजवली,
पण ती खेळ थांबवायची. गुन्ह्याची निराळी वाजते.

ॲम्ब्युलन्सच्या दाराशी ईशबेल मर्डीने विचारलं,
आवाज न चढवता,
चूक कुणाची?
कुणाचीच नाही, ईशबेल.
ती माझ्याकडे बघत राहिली,
वाकडी चौकट सरळ आहे म्हणणाऱ्या सुताराकडे बघतात तशी.

रात्री अहवाल भरला.
कोणता नियम मोडला: कोरं.
कोणी मोडला: कोरं.
इतका स्वच्छ कागद मी कधी लिहिला नव्हता,
आणि सहीपाशी पेन अडलं.
वरचा टॅकल लागतो ज्याला धरलं त्याला,
त्याच्यासाठी पुस्तकात पानंच्या पानं आहेत.
खालचा लागतो धरणाऱ्याला,
त्याच्यासाठी शाबासकी.

आम्हालाही तेच सांगायचे, एकोणनव्वदला:
समोरचा जितका मोठा, तितका तू खाली जा.
डोकं कुठे ठेवायचं ते कुणी बोललं नाही.
माझ्या डाव्या कानात तेव्हापासून एक किडा आहे.
हिवाळ्यात जास्त ओरडतो.

इथली जुनी घरं ठेंगणी.
कायद्याने त्यांना कुणी हात लावू शकत नाही,
तरी दुरुस्तीला गेलो की चौकटीवर मी पाटी ठोकून येतो:
डोकं सांभाळा.
पैसे घेत नाही त्याचे.

एप्रिलात स्ट्रुअन कारखान्यात आला.
डोकेदुखी गेली म्हणाला, डॉक्टरांनी अजून सोडलेलं नाही.
तो क्षण त्याला आठवत नाही.
मी खाली होतो ना?
होतास.
हात होते?
होते.
मग?

तुळईला पोतं टांगलेलं होतं, भुशाने गच्च भरलेलं,
मीच भरून ठेवलं होतं, मार्चपासून.
खेळायचं नाही, म्हटलं. धावायचं नाही. फक्त गुडघ्यावर बस.
तो बसला, हात घातले.
कान कुठे? त्यानेच विचारलं.
मागे.
त्याने पोत्याच्या मागल्या अंगाला कान टेकवला,
आत कुणी आहे का ऐकत असल्यासारखा.
थोडा भुसा त्याच्या कॉलरवर सांडला.
आता दुसऱ्या बाजूने, मी म्हणालो.